पेपरातला पेपर: मराठी पुरवण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका दैनिकाच्या पुरवणी डेस्कवर मी काही वर्षं पानं लावली. ते काम सुटून बराच काळ झाला, पण प्रश्न अजून येतात. कुणाला आजीची छापून आलेली कथा शोधायची असते, कुणाचा प्रबंध अडलेला असतो, कुणी नुसतंच भांडायला येतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात जे सांगितलं ते दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुरवणी म्हणजे नेमकं काय? रविवारचा अंक तोच ना?

नाही. रविवारचा अंक म्हणजे त्या दिवशीचा अख्खा पेपर. पुरवणी म्हणजे त्याच्या पोटात सारलेली वेगळी पानं. तिचं नाव वेगळं, मांडणी वेगळी आणि छापायची वेळही बहुधा वेगळी (प्रश्न १०). किंमत मात्र वेगळी नसते. मुख्य अंकाच्या मानेवर 'आज काय घडलं' हे भूत बसलेलं असतं, पुरवणीच्या मानेवर ते नसतं. म्हणून कथा, व्यक्तिचित्रं, पुस्तकं, नाटक-सिनेमा, प्रवास, पाककृती, शब्दकोडं आणि साप्ताहिक भविष्य असा सगळा संसार तिच्यात थाटला जातो. 'साप्ताहिक सकाळ' किंवा 'लोकप्रभा' यांना बरेच जण पुरवणी म्हणतात, पण ती स्वतंत्रपणे विकत घ्यायची साप्ताहिकं होती.

२. मराठी वर्तमानपत्रात करमणूक कधीपासून आली? आधी सगळं गंभीरच होतं का?

करमणूक पहिल्या दिवसापासून आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झालं. पहिल्याच अंकात पत्राचे हेतू सांगताना त्यांनी वर्तमान कळवण्याबरोबर मनोरंजन करण्याचाही उल्लेख केला आहे. 'वर्तमानपत्रं पूर्वी नुसती लोकशिक्षण करायची, करमणूक आत्ता घुसली' असं म्हणणाऱ्यांनी तो मजकूर वाचावा.

अर्थात त्यांच्या मनोरंजनाची कल्पना आजच्यासारखी नव्हती. कुतूहल जागं करणारी माहिती हेच तेव्हाचं मनोरंजन. नियमित सदराच्या जवळ जाणारी पहिली मोठी गोष्ट त्यानंतरची. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या नावाने गोपाळ हरी देशमुखांची पत्रं येत होती. तीच 'शतपत्रे'. नावात शंभर असली तरी ती १०८ आहेत. ठरावीक लेखक, ठरावीक सूर, टोपणनाव आणि पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक हा सदराचा सगळा सांगाडा तिथे तयार दिसतो.

३. हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' ही 'केसरी'ची पुरवणी होती का?

नव्हती. हा गैरसमज कुठून आला ते मला कळलेलं नाही, पण वर्षातून दोनदा तरी कुणीतरी हे विचारतंच. 'करमणूक' हे हरिभाऊंनी १८९० मध्ये पुण्यात सुरू केलेलं स्वतंत्र साप्ताहिक. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावं असं ते पत्र होतं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी त्यातच क्रमशः आली. त्याआधी 'मधली स्थिती' 'पुणेवैभव'मध्ये आली होती. म्हणजे मराठी सामाजिक कादंबरी वाढली ती साप्ताहिकांच्या पानांवर, हप्त्याहप्त्याने. 'करमणूक'ला पुरवणीची आजी म्हणायला हरकत नाही, पण घर वेगळं होतं.

४. मग दैनिकात हलकाफुलका मजकूर आणला कुणी?

एकच नाव घ्यायचं तर अच्युत बळवंत कोल्हटकर. त्यांचं 'संदेश' हे दैनिक १९१५ मध्ये मुंबईत निघालं. तोवरच्या मराठी पत्रांचा सूर बराचसा सभेतल्या भाषणाचा होता. कोल्हटकरांनी तो ओसरीवर आणला. चटकदार मथळे, बोलीतलं लिखाण, नाटकांबद्दलचा भरपूर मजकूर आणि त्यावर कळस म्हणजे 'वत्सलावहिनींची पत्रे'. ही पत्रं स्वतः कोल्हटकरच लिहायचे. बायकी नाव घेऊन एक पुरुष संपादक शहराच्या गप्पा मारतो, ही युक्ती नंतर किती सदरांनी उचलली ते मोजत बसायला नको.

माझं स्पष्ट मत असं आहे: मराठी पुरवणीचा इतिहास लिहिताना लोक दिवाळी अंकांपासून सुरुवात करतात ('मनोरंजन' मासिकाचा १९०९ चा दिवाळी अंक) आणि कोल्हटकरांना एका वाक्यात उरकतात. हे उलटं व्हायला हवं. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. रोजच्या पेपरात बातमीशेजारी गप्पांना हक्काची जागा असू शकते हे 'संदेश'ने दाखवलं, आणि पुरवणी त्या जागेतूनच वाढली.

५. 'सकाळ'चं नाव या इतिहासात इतक्यांदा का येतं?

ना. भि. परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' काढला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांचा भर मतांपेक्षा बातमीवर आणि देशापेक्षा गावावर होता. नळाला पाणी नाही, मंडईत भाव काय, आज कुठे कीर्तन, कुठे व्याख्यान. करमणुकीचं पान अशा स्थानिक पेपरात आपोआप वाढतं, कारण गावात काय चाललंय याचा अर्धा भाग नाटक, सिनेमा आणि गाणं हाच असतो. वेळही जुळून आली होती. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी १९३२ मध्ये आला आणि तो काढणारी प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यातच मुक्कामाला आली. सिनेमा आता मुंबईची बातमी राहिला नाही, तो शेजारच्या पेठेत तयार होऊ लागला.

दुसरं कारण कोर्टातलं आहे. ते पुढच्या उत्तरात.

६. सरकारने पुरवण्यांवर मर्यादा घातली होती हे खरं की व्हॉट्सॲपवरचं?

खरं आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वात रंजक गोष्ट आहे.

१९५६ मध्ये वृत्तपत्रांची किंमत आणि पानं यांचा कायदा झाला. त्याखाली १९६० मध्ये सरकारने आदेश काढला: अमुक किमतीत आठवड्याला जास्तीत जास्त इतकीच पानं द्यायची, जाहिरातींना किती जागा ते सरकार ठरवणार आणि पुरवण्या किती काढायच्या तेही ठरवून दिलेलं. सरकारची बाजू अशी होती की मोठे पेपर स्वस्तात जास्त पानं देतात, त्यामुळे छोट्या आणि नव्या पेपरांचा निभाव लागत नाही.

'सकाळ' याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या निकालपत्रात पेपरचे जे आकडे आहेत ते सोनं आहे, कारण त्या काळच्या स्थानिक पेपरचा हिशेब इतका नेमका फारसा सापडत नाही. रोजचा खप ५२ हजार, रविवारचा ५६ हजार. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांची ३४ पानं. किंमत ७ नवे पैसे. रविवारचा अंक दहा पानी, १२ नवे पैसे. साधारण ४० टक्के जागा जाहिरातींना. आदेशाप्रमाणे ७ पैशांत सहा दिवसांची फक्त २४ पानं देता आली असती. म्हणजे एकतर दहा पानं कापा, नाहीतर दाम वाढवा.

दहा पानं कापायची वेळ आली की पहिली कात्री कुठे लागते हे डेस्कवर बसलेल्या कुणालाही विचारा. दंगलीची बातमी कापत नाहीत. कथा कापतात, पुस्तकाचं परीक्षण कापतात.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कायद्याचा तो भाग आणि आदेश घटनाबाह्य ठरवला. निकाल न्या. मुधोळकरांनी लिहिला. किती पानं द्यायची आणि किती लोकांपर्यंत पोचायचं हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं त्याचं सार. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अनुच्छेद १९ साठी वाचतात. मी तो रविवारच्या पुरवणीचा जन्मदाखला म्हणून वाचतो.

७. मग १९६१ नंतर लगेच जाड पुरवण्या का सुरू झाल्या नाहीत?

कागद नव्हता. वृत्तपत्री कागद मोठ्या प्रमाणावर आयात व्हायचा आणि त्याचा कोटा सरकारच्या हाती होता. १९७२-७३ च्या धोरणात तर दहा पानांची कमाल मर्यादाच होती. तीही ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेनेट कोलमन ('टाइम्स ऑफ इंडिया'ची मालक कंपनी) खटल्यात रद्द केली, पण मर्यादा उठली म्हणून गोदामात कागद येत नाही. शिवाय छपाई खिळ्यांवर, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून. फोटोचा ब्लॉक करायला वेळ आणि पैसा लागायचा. ऑफसेट, फोटो-कंपोझिंग आणि मग संगणक आल्यावर पानं सजवणं परवडू लागलं, रंग परवडू लागले आणि रंगीत जाहिरात मिळू लागली. आज ज्या रंगीत, भरगच्च पुरवण्या लोकांच्या डोळ्यांसमोर येतात त्या या शेवटच्या टप्प्यातल्या.

८. कुठली पुरवणी कुठल्या पेपरची? नावं सगळी सारखीच वाटतात.

वाटणारच. 'लोकरंग' आणि 'चतुरंग' लोकसत्ताच्या, 'सप्तरंग' सकाळची. तीन नावांत रंग, म्हणून गोंधळ. 'संवाद' महाराष्ट्र टाइम्सची, 'मंथन' लोकमतची, 'बहार' पुढारीची, 'उत्सव' सामनाची. नुसतं 'रविवार पुरवणी' असं लिहिलेलं जुनं कात्रण हाती आलं तर नावावरून काही ठरवू नका, पाठीमागच्या छोट्या जाहिराती वाचा. दुकानांच्या पत्त्यांवरून गाव कळतं आणि गावावरून पेपर.

९. नाटकांच्या जाहिराती पुरवणीत का नसायच्या? करमणूक तीच ना?

नाटकाची जाहिरात ही आमच्याकडे बातमीच असते. प्रयोग कुठे, किती वाजता, तिकीटविक्री कधीपासून, कोण कलाकार बदलला, कुठला प्रयोग रद्द झाला, हे सगळं आदल्या रात्रीपर्यंत बदलतं. दादरचं शिवाजी मंदिर किंवा पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर (१९६८) इथल्या तारखा बघायला लोक पेपर उलटा उघडायचे. ती पानं मुख्य अंकातच हवीत, कारण पुरवणी तोवर छापून तयार असते. रोजच्या 'आजचे कार्यक्रम'चंही तेच.

१०. पुरवणी खरंच आधी छापतात? मग शनिवारची मोठी घटना रविवारच्या पुरवणीत कशी येत नाही यावर लोक चिडतात ते चुकीचं?

चिडणं समजू शकतं, पण हो, आधीच छापतात. एकाच रात्री मुख्य अंक आणि पुरवणी दोन्ही छापायला यंत्रांना वेळ पुरत नाही, म्हणून पुरवणीची पानं एक-दोन दिवस अगोदर सोडतात. गठ्ठे वेगळे जातात आणि पहाटे चौकात बसून विक्रेत्यांची मुलं एक एक पुरवणी अंकात सारतात. तुमच्या पेपरात कधी दोन पुरवण्या आणि शेजाऱ्याकडे एकही नाही, असं झालं असेल तर ते इथे झालेलं असतं.

याची सर्वात वाईट बाजू मृत्यूच्या वेळी दिसते. मी डेस्कवर असताना एका ज्येष्ठ कलावंताची मुलाखत पुरवणीत छापून तयार होती, 'सध्या ते नव्या कामात गढले आहेत' अशा थाटाची. शनिवारी दुपारी ते गेले. रविवारी पहिल्या पानावर निधनाची बातमी आणि आत ते नव्या कामात गढलेले. पुढचा आठवडाभर फोन घेत होतो.

जुने अंक शोधणाऱ्यांसाठी: माणूस गेला त्या तारखेच्या अंकात शोधू नका. पु. ल. देशपांडे १२ जून २०००ला गेले, सोमवार होता. बातमी दुसऱ्या दिवशीची, पण सविस्तर लेखांसाठी पुढचा रविवार बघायचा. लता मंगेशकर गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ला, रविवारी सकाळी, पेपर घरोघरी पोचल्यानंतर. त्या दिवशीच्या पुरवणीत काहीही नाही, असणं शक्यच नव्हतं.

११. नाटककार आणि पत्रकार हे एकच लोक कसे? मग परीक्षण निःपक्षपाती कसं?

मराठीत हे घर एकच होतं, दारं दोन. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 'केसरी'त होते आणि 'कीचकवध'ही त्यांचंच. ते १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पुढे १९२३ मध्ये 'नवाकाळ' त्यांनीच काढला. आचार्य अत्रे नाटककार, चित्रपटकार आणि १९५६ पासून 'मराठा'चे संपादक. संगीत नाटकं लिहिणारे विद्याधर गोखले 'लोकसत्ता'चे संपादक. विजय तेंडुलकरांनीही 'मराठा' आणि 'लोकसत्ता'त नोकरी केली.

निःपक्षपातीपणाचं काय? काही वेळा नव्हताच. पण रंगपटातून आलेल्या माणसाला पडदा का अडकला हे कळतं आणि तो ते मोजक्या शब्दांत लिहितो. पक्षपाती जाणकार आणि निर्मळ अडाणी यांत मला पहिला चालतो. तुम्हाला नसेल चालत.

१२. सिनेमाचं काय? तो पुरवणीतच वाढला का?

पुरवणीत आणि तिच्या शेजारी. नाशिकहून 'गावकरी'च्या घरातून निघणारं 'रसरंग' हे साप्ताहिक आणि त्यातलं इसाक मुजावरांचं लेखन यांनी मराठी सिने-पत्रकारितेची मोठी वाचकपिढी घडवली, आणि तीही मुंबई-पुण्याबाहेरून.

१३. 'ठणठणपाळ' कुठल्या पेपरात यायचा? आणि 'कलंदर' कोण?

'ठणठणपाळ' पेपरात यायचा नाही. तो 'ललित' या मासिकातला, लेखक जयवंत दळवी. 'कलंदर' हे 'कानोकानी' सदर लिहिणारे अशोक जैन, महाराष्ट्र टाइम्समध्ये. या दोघांची अदलाबदल इतकी होते की मी आता उत्तर कॉपी-पेस्ट करतो.

१४. सदरावरून टीव्ही मालिका निघाली असं ऐकलं. कुठली?

'श्रीयुत गंगाधर टिपरे'. दिलीप प्रभावळकरांचं 'अनुदिनी' हे सदर लोकसत्तात येत होतं, एका मध्यमवर्गीय घराच्या रोजनिशीसारखं. त्यावर केदार शिंदेंनी मालिका केली आणि आबांच्या भूमिकेत खुद्द प्रभावळकर. सदराचं पुस्तक होणं नेहमीचंच, घराघरांत बोलणारी माणसं होणं दुर्मीळ.

उलट 'चिंटू'ला लोक पुरवणीतला समजतात. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका २१ नोव्हेंबर १९९१ पासून 'सकाळ'मध्ये रोज येऊ लागली. रोजच्या अंकात, म्हणून तर ती सवय झाली.

१५. माझ्या वडिलांनी वर्षभर सदर लिहिलं. त्याचं पुस्तक काढायला पेपरची परवानगी लागेल?

दोन शक्यता आहेत. ते बाहेरून लिहीत असतील आणि हक्क सोडल्याचा करार केला नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखकाचा, त्यांच्यामागे वारसांचा. ते पेपरच्या नोकरीत असतील, तर वेगळा करार नसल्यास नियतकालिकात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा आणि पुस्तकासकट बाकी गोष्टींत लेखकाचा. नोकरी म्हणजे सगळंच पेपरचं, ही समजूत चूक आहे. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

अडचण टोपणनावाची. खरा लेखक कधीच उघड झाला नसेल, तर ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, तो त्या मुदतीत उघड झाला तर मृत्यूपासून. नेमणुकीचं पत्र, मानधनाच्या पावत्या काही असेल तर जपा आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा. सोबतची चित्रं आणि फोटो यांचा हक्क वेगळा, तो वडिलांचा नव्हे.

१६. पुरवणीतल्या मुलाखती पैसे देऊन छापतात का?

सगळ्या नाहीत, पण काही पानं विकली जातात आणि हे गुपित राहिलेलं नाही. टाइम्स समूहाने २००३ मध्ये 'मीडियानेट' नावाने तशी उघड व्यवस्थाच उभी केली. पुरवणीच्या शीर्षकाखाली किंवा पानाच्या कडेला बारीक अक्षरांत 'जाहिरात', 'प्रायोजित', 'प्रमोशनल फीचर' असलं काही लिहिलंय का ते पाहा. जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू यायला हवी, हा प्रेस कौन्सिलचा नियम आहे. किती बारीक अक्षरांत ओळखू यावी हे मात्र भिंग कंपन्यांवर सोडलेलं दिसतं.

१७. ग्रंथालयात बांधीव फाइल मिळाली, पण पुरवणीच नाही. कुठे गेली?

बहुतेक वेळा बांधणाऱ्याने काढून टाकली. पुरवणीचा आकार मुख्य अंकाहून लहान असेल तर ती बांधणीत नीट बसत नाही. कधी ती वाचनालयातून कुणीतरी घरी नेलेली असते, कोडं सोडवायला किंवा पाककृतीसाठी. मी स्वतः तीन ठिकाणी हा अनुभव घेतला आहे. मुख्य अंक चकचकीत सलग, रविवार पोकळ.

तीन गोष्टी करून पाहा. एक, पुरवण्यांची वेगळी फाइल आहे का ते विचारा, ती कधी मासिकांच्या कपाटात असते. दोन, छापलेल्या पुस्तकाची प्रत ग्रंथालयांना देण्याचा १९५४ चा जो कायदा आहे, त्यात १९५६ पासून वृत्तपत्रंही आली, त्यामुळे प्रकाशकाने ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यायची असते. त्यांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि मुंबईतलं टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालयही. तीन, लेखकाच्या घरी जा. पेपरने जपलं नसेल ते लेखकाच्या बायकोने कात्रण करून वहीत चिकटवलेलं असतं, फक्त तारीख नसते. तारखेचा अंदाज घ्यायलाही प्रश्न ८ मधलीच युक्ती वापरा: कात्रण उलटं करा.

१८. तारीख बरोबर, पेपर बरोबर, पुरवणीही मिळाली, तरी लेख नाही. असं कसं?

आवृत्ती वेगळी. एकाच पेपरच्या पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूर आवृत्त्यांत त्याच तारखेची पुरवणी वेगवेगळी असू शकते. पहिलं आणि मधलं पान सारखं, शेवटच्या पानावर स्थानिक मजकूर. कोल्हापूरच्या आजीची कथा पुण्याच्या ग्रंथालयात शोधत दोन महिने घालवलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. कथा निघाली कोल्हापूरच्या आवृत्तीत, चौथ्या पानावर तळाला, ट्रॅक्टरच्या जाहिरातीच्या वर.